जीर्णोद्धार की रंगरंगोटी?

जीर्णोद्धार हा शब्द आपल्याकडे बहुधा देवळे, वाडे आणि विहिरी यांच्या संबंधाने योजिला जातो. अलीकडे तो जुन्या मोटारींच्या संबंधानेही ऐकू येऊ लागला आहे, आणि त्यात वावगे असे काही नाही. ज्या यंत्रावर एका पिढीच्या कारागिरांनी आपली बुद्धी खर्चिली, ते यंत्र पुढील पिढीस चालत्या स्थितीत पाहावयास मिळावे ही इच्छा स्तुत्यच होय. तथापि मोटारीस नवा रंग चढविला, गाद्यांस नवे कातडे घातले आणि ती प्रदर्शनात उभी केली म्हणजे तिचा जीर्णोद्धार झाला, असा जो समज पसरला आहे तो आम्हांस मान्य नाही. आमचे मत असे की, जुन्या मोटारीचे, आणि त्यातही जुन्या स्पोर्ट्स कारचे, काम तिच्या शीतन-व्यवस्थेपासूनच सुरू झाले पाहिजे. आणि ते करताना जुन्यातले काय राखावे व काय टाकावे, याचा विवेक मालकाने व मिस्त्रीने आधी केला पाहिजे.

शहापूर-मुरबाडच्या विद्यार्थ्यांस या विषयाशी काय कर्तव्य, असे कोणी विचारील. त्यास उत्तर असे की, मोटारीच्या शीतन-व्यवस्थेची परीक्षा घेणारे दोन घाट आपल्या दाराशी उभे आहेत. शहापुराहून आसनगाव, आटगाव, खर्डी करीत आग्रा रस्त्याने गेले की कसारा घाट लागतो. मुरबाडहून सरळगाव, टोकावडे मागे टाकले की माळशेज घाट. कसाऱ्याहून इगतपुरीस जाताना सुमारे ३०० मीटर चढावे लागते. १८६५ साली खुल्या झालेल्या तेथील लोहमार्गाचा चढ ३७ स आत १ इतका आहे, म्हणून गाडीस मागून रेटा देण्यासाठी कसाऱ्यास जादा इंजिने जोडण्याची वहिवाट पडली. पालकांपैकी अनेकांस जुन्या फियाट व अँबेसेडर गाड्या बॉनेट उघडून, वाफा सोडीत या घाटांच्या कडेला उभ्या असलेल्या आठवत असतील. २०२५ च्या जून महिन्यात समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाल्यापासून बोगद्यातून काही मिनिटांत वर जाता येते खरे. परंतु जुना घाट आहे तेथेच आहे, आणि जुन्या मोटारीची खरी किंमत आजही तेथेच कळते.

आता या व्यवस्थेचे मर्म पाहू. पेट्रोल जळून जी उष्णता निर्माण होते तिचा थोडाच भाग चाके फिरविण्याच्या कामी येतो. ढोबळ मानाने एकतृतीयांश उष्णता इंजिनाभोवती खेळणाऱ्या पाण्याने उचलून रेडिएटरकडे न्यावयाची असते, आणि रेडिएटरने ती वाऱ्याच्या स्वाधीन करावयाची असते. चढावर इंजिन अधिक राबते व गाडी मंद चालते. म्हणजे उष्णता वाढते आणि वारा मात्र कमी होतो. स्पोर्ट्स कारची अडचण याहून मोठी असते. तिचे इंजिन दांडगे, बॉनेट बुटके, आणि वाऱ्याने आत यावयाचे तोंड शोभेसाठी लहान ठेविलेले. १९६१ साली आलेल्या जॅग्वार ई-टाइप या सुप्रसिद्ध मोटारीचे उदाहरण घ्या. तिच्या सौंदर्याची वाखाणणी सर्वत्र झाली. परंतु १९६८ च्या सुधारलेल्या नमुन्यात खुद्द कारखान्यालाच तिचे तोंड मोठे करावे लागले व विजेचे पंखे एकाऐवजी दोन बसवावे लागले. थंड मुलुखातल्या मोटारीची ही कथा, तर वैशाखातल्या कसारा घाटात काय होईल, हे सांगावयास नको.

म्हणून कामाचा क्रम महत्त्वाचा. प्रथम जुने पाणी काढून इंजिन व रेडिएटर उलट दिशेने धुवावे, म्हणजे वर्षानुवर्षे साचलेला गंज व गाळ निघतो. जुना रेडिएटर तांब्या-पितळेचा असतो. त्याची टाकी कुशल कारागिराकडून उकलून, नळ्यांतून सळई फिरवून क्षार काढावेत आणि पुन्हा डाख द्यावा; नळ्या कुजल्या असतील तर टाक्या जुन्या ठेवून मधली जाळी तेवढी नवी बसवावी. मग पाण्याचा पंप, रबरी नळ्या, पट्टा, पंखा यांची तपासणी. थर्मोस्टॅट पातेल्यातल्या पाण्यात तापमापकासह टाकून तापवावा. तो आपल्यावर छापलेल्या अंशावर, बहुधा ८० च्या आसपास, उघडतो की नाही हे घरीच दिसते. गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट काढूनच टाकण्याची जी चाल पडली आहे, ती ताप येतो म्हणून तापमापक फेकून देण्यासारखी आहे. त्याने दुखणे जात नाही. उलट थंड इंजिन ऊब धरावयास वेळ लावते आणि त्याची झीज वाढते.

रेडिएटरच्या झाकणास पुष्कळजण केवळ झाकणच समजतात. वस्तुतः ते दाब राखणारे यंत्र आहे. उघड्या भांड्यात पाणी १०० अंशांवर उकळते. तेच वातावरणाच्या दुप्पट दाबाखाली सुमारे १२० अंशांपर्यंत उकळत नाही. म्हणून झाकणाची स्प्रिंग ढिली झाली की निरोगी रेडिएटरदेखील घाटात हार खातो. विद्यार्थ्यांनी एवढे मात्र कायमचे ध्यानात ठेवावे की, गाडी तापलेली असता ते झाकण कधीही उघडू नये. दाब सुटताच आतले पाणी एकदम उसळते आणि तोंड व हात भाजून निघतात.

पाण्याविषयी आणखी दोन शब्द. चहाच्या भांड्यास आतून जो पांढरा थर चढतो तोच थर कूपनलिकेच्या जड पाण्याने रेडिएटरच्या बारीक नळ्यांत चढतो, आणि तो उष्णता अडवितो. सबब ऊर्ध्वपातित पाणी व त्यात योग्य प्रमाणात कूलंट, हेच भरावे. गळका रेडिएटर घेऊन निघावयाचे आणि वाटेत पाड्यावर हंडाभर पाणी मागावयाचे, हा प्रकार आम्हांस केवळ यंत्राच्या दृष्टीने अयोग्य वाटतो असे नव्हे. भातसा, तानसा व मोडकसागर या तलावांचा हा शहापूर तालुका मुंबईची तहान भागवितो; आणि त्याच तालुक्यातील कित्येक पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. जेथे आयाबहिणी डोक्यावरून पाणी आणतात तेथे ते हौसेच्या गाडीच्या गळतीवर ओतणे शोभत नाही. डाख वेळीच दिला असता तर तो हंडा वाचला असता.

शीतन-व्यवस्था नीट झाल्यावरच वातानुकूलनाकडे वळावे. याचे कारण गाडीच्या रचनेतच आहे. वातानुकूलन यंत्राचा कंडेन्सर रेडिएटरच्या पुढ्यात बसविलेला असतो. त्यामुळे गाडीच्या आतली उष्णता बाहेर टाकताना तो रेडिएटरकडे जाणारा वाराच तापवितो. शिवाय कॉम्प्रेसर फिरविण्याचा बोजा इंजिनावर पडतो तो निराळाच. ज्याचा रेडिएटर दुबळा, त्याने आत गारवा मागणे म्हणजे कर्ज काढून मेजवानी घालणे होय. या यंत्राचा इतिहासही मनोरंजक आहे. अमेरिकेतील पॅकार्ड कंपनीने १९३९ साली मोटारीत असे यंत्र प्रथम बसविले, तेव्हा त्याचा मोठा भाग सामानाच्या कप्प्यात होता, आणि गारवा बंद करावयाचा तर इंजिन थांबवून पट्टा हातांनी काढावा लागे!

येथे विवेकाचा खरा प्रश्न उभा राहतो. जुन्या मोटारींत आर-१२ नावाचा वायू भरलेला असे. तो विषारी नव्हे, पेट घेणारा नव्हे, म्हणून तो निर्धोक समजला गेला. परंतु १९७४ साली मोलिना व रोलंड या शास्त्रज्ञांनी दाखवून दिले की, या जातीचे वायू आकाशात उंच जाऊन सूर्याच्या घातक किरणांपासून आपले रक्षण करणारा ओझोनचा थर नष्ट करतात. १९८५ साली दक्षिण ध्रुवावरील थरास पडलेले खिंडार जगापुढे आले. १९८७ साली माँट्रियल येथे करार झाला. १९९५ साली त्या दोघा शास्त्रज्ञांस क्रुत्झेन यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले. भारत १९९२ साली करारात सामील झाला, आणि दम्याच्या औषधी फवाऱ्यांपुरता अपवाद ठेवून त्याने या वायूंचे उत्पादन २००८ साली थांबविले.

तरीही काही हौशी मंडळी म्हणतात की, मोटार अस्सल ठेवावयाची तर वायूही अस्सलच पाहिजे. जुने सिलिंडर कोठून तरी मिळवू. हा आक्षेप आम्ही हलका मानीत नाही, कारण अस्सलपणाची आस्था नसेल तर जीर्णोद्धारास अर्थच उरत नाही. दर वस्तू बदलीत गेल्यास अखेर जुने काय राहिले, हा प्रश्न रास्त आहे. परंतु अस्सलपणा कशात, हे ठरविले पाहिजे. ५० वर्षांहून जुन्या गाड्यांस व्हिंटेज म्हणून नोंदविण्यासाठी केंद्र सरकारने २०२१ साली जे नियम केले, त्यांत सांगाडा, बाह्यांग व इंजिन यांत मोठा फेरबदल नसावा अशी अट आहे. आम्हांस ही दृष्टी समंजस वाटते. मोटारीचा आकार, इंजिन, रेडिएटरची टाकी, डॅशबोर्डावरची बटणे हा तिचा इतिहास होय. नळीत कोंडलेला अदृश्य वायू हा इतिहास नव्हे. तो सुटला म्हणजे सुमारे शंभर वर्षे वातावरणात राहतो, आणि त्याची किंमत मोटारीत कधी न बसलेल्या लोकांस मोजावी लागते.

आज त्याच्या जागी आर-१३४ए वापरता येतो. मात्र केवळ वायू बदलून भागत नाही. जुने खनिज तेल या वायूत मिसळत नाही, म्हणून ते काढून योग्य जातीचे तेल घालावे. रबरी कड्या, नळ्या व ओलावा शोषणारी बाटली नवी बसवावी. नायट्रोजनने गळती शोधावी. पंपाने आतली हवा व ओल पूर्ण ओढून घ्यावी आणि मगच वायू तोलून, जुन्यापेक्षा थोडा कमी, भरावा. पैसे वाचविण्यासाठी स्वयंपाकाचा गॅस भरण्याचे धाडस कोणी करू नये. तो बसणाऱ्यांच्या समोर आग ठेवण्याचा प्रकार आहे. आणि नवा वायूही निर्दोष नव्हे. ओझोनला तो अपाय करीत नाही, पण पृथ्वी तापविण्यात तो कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून अधिक प्रबळ आहे. म्हणून कोणताही वायू हवेत सोडून न देता यंत्राने परत ओढून सिलिंडरात घेणे, हा मिस्त्रीचा धर्मच समजला पाहिजे.

पालकांस आमची एक विनंती आहे. डाख देणारे, रेडिएटर उकलून पुन्हा जोडणारे हात दिवसेंदिवस कमी होत आहेत, कारण नव्या गाड्यांचे ॲल्युमिनियम व प्लास्टिकचे रेडिएटर दुरुस्त न करता बदलले जातात. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत मोटार मेकॅनिकचा, तसाच शीतकरण व वातानुकूलनाचा, दोन-दोन वर्षांचा अभ्यासक्रम असतो. मुलाने वा मुलीने तिकडे जावयाचे म्हटले तर शिक्षण वाया गेले असे मानू नये. या कामास उष्णतेचे पदार्थविज्ञान लागते, तेलाचे रसायन लागते, आणि कोणी पाहत नसताही वायू हवेत न सोडण्याचा प्रामाणिकपणा लागतो. यांतील पहिल्या दोन गोष्टी शाळा शिकवील. तिसरीचे धडे घरातूनच मिळावयास हवेत.

विद्यार्थिमित्रहो, पुढे कधी चकचकीत जुनी मोटार दृष्टीस पडली तर तिच्या रंगाचे कौतुक खुशाल करा. पण मालकास एवढे अवश्य विचारा की, ही भर दुपारी कसारा घाट चढते काय, आणि हिच्यातला जुना वायू कोठे गेला? या दोन प्रश्नांस ज्याच्यापाशी समाधानकारक उत्तर असेल, त्यानेच जीर्णोद्धार केला असे म्हणावे.