नकार देण्याचे सामर्थ्य

ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावरील आयातशुल्क ५० टक्क्यांवर नेले. त्यातील निम्मे, म्हणजे २५ टक्के, रशियाकडून खनिज तेल घेतल्याबद्दलची शिक्षा म्हणून होते. शिक्षा हाच शब्द येथे योग्य आहे. कारण सुरतेच्या हिऱ्याचा, तिरुप्पूरच्या कपड्याचा किंवा आंध्रच्या कोळंबीचा रशियन तेलाशी काडीचाही संबंध नव्हता. भारताने कोणाशी मैत्री ठेवावी आणि कोणाकडून इंधन घ्यावे, हे ठरविण्यासाठी व्यापाराचा चाबूक उगारला गेला होता.

याच काळात रशियाकडून भारतापेक्षाही अधिक तेल चीन घेत होता. चीनवर अमेरिकेची अन्य कारणांसाठी शुल्के होती. परंतु तेलखरेदीबद्दलचा हा दंड मात्र त्याच्या वाट्याला आला नाही. हा निव्वळ योगायोग मानणे भोळेपणाचे ठरेल. एप्रिल २०२५ मध्ये चीनने सात दुर्मीळ मृदा धातू आणि त्यांपासून बनणारी चुंबके यांच्या निर्यातीवर परवान्याचे बंधन घातले होते. मोटारीपासून क्षेपणास्त्रापर्यंत ज्या वस्तूवाचून काम अडते, ती वस्तू ज्याच्या मुठीत, त्याच्याशी बोलताना महासत्तेचाही स्वर बदलतो. २०१० साली सेन्काकू बेटांच्या वादात जपानलाही याच धातूंच्या टंचाईचा चटका बसला होता.

मुक्त व्यापाराच्या पाठ्यपुस्तकात या प्रसंगाला जागा नाही. इंग्लंडने कापड विणावे, पोर्तुगालने मद्य गाळावे आणि देवघेवीत दोघांनी सुखी व्हावे, असा सिद्धान्त रिकार्डोने १८१७ साली मांडला. गणित म्हणून त्यात खोट काढता येत नाही. परंतु त्याच इंग्लंडने १८९६ साली मुंबईच्या गिरण्यांच्या कापडावर साडेतीन टक्के अबकारी कर बसविला. आयात कापडावरील शुल्काचा लाभ हिंदी गिरण्यांना मिळू नये, हा लँकेशायरच्या गिरणीमालकांचा आग्रह होता. हा अन्याय पुढे जवळजवळ तीस वर्षे चालला. टिळकांच्या स्वदेशीची आणि बहिष्काराची मुळे या अनुभवात आहेत. आपल्या लाभापुरते तत्त्व आणि इतरांसाठी उपदेश, ही पाश्चात्त्यांची रीत नवी नाही.

स्वतंत्र भारताने हा धडा फार महाग किमतीत पुन्हा गिरविला. १९५६ साली अमेरिकेशी पीएल-४८० खाली गव्हाचा करार झाला. रुपयांत पैसे चुकवून धान्य मिळत होते. तेव्हाच्या नियोजनकर्त्यांना ही सोय मोठी वाटली. पोलादाचे कारखाने उभारण्यात मग्न असलेल्या दिल्लीने शेतकऱ्याकडे पाठ फिरविली, कारण गहू बंदरात येत होता. १९६५ आणि १९६६ अशी लागोपाठ दोन वर्षे पाऊस रुसला आणि या सोयीचे खरे मोल कळले. १९६६ मध्ये सुमारे एक कोटी टन धान्य बाहेरून आणावे लागले. राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी वर्षभराची हमी देण्याचे नाकारून महिन्या-महिन्याच्या हिशेबाने जहाजे सोडण्याचे धोरण स्वीकारले. व्हिएतनाममधील बाँबवर्षावावर भारताने केलेली टीका त्यांना खुपत होती, हे लपून राहिले नाही. गव्हाचे जहाज आणि परराष्ट्र मंत्रालयाचे निवेदन एकाच दोरीला बांधले गेले. त्याच वर्षी ६ जून रोजी रुपयाचे अवमूल्यन झाले आणि डॉलर ४ रुपये ७६ पैशांवरून साडेसात रुपयांवर गेला. त्यामागेही मदत देणाऱ्या देशांचा आणि जागतिक बँकेचा दबाव होता. आश्वासन दिलेली मदत मात्र पुरती आलीच नाही.

लालबहादूर शास्त्री यांनी देशाला सोमवारी एक वेळचे जेवण सोडण्याचे आवाहन केले आणि लक्षावधी घरांनी ते पाळले. त्या उपवासाचे स्मरण आजही आदराने केले जाते, आणि ते योग्यच आहे. परंतु परावलंबन उपवासाने संपले नाही. ते संपले सी. सुब्रह्मण्यम यांचा निर्धार, स्वामिनाथन यांच्यासारख्या शास्त्रज्ञांचे परिश्रम आणि पंजाब-हरियाणाच्या शेतकऱ्याचा घाम यांच्या बळावर. त्यासाठी १९६६ मध्ये मेक्सिकोहून १८ हजार टन बियाणे आणले गेले. म्हणजे गहू आणणे बंद व्हावे म्हणून गव्हाचे बीज आणले गेले. स्वदेशी म्हणजे परक्या वस्तूचा विटाळ, असे समजणाऱ्या टीकाकारांनी आणि काही भाबड्या समर्थकांनीही हे उदाहरण ध्यानी ठेवावे.

कोठारे भरली तेव्हाच भारताला जागतिक मंचावर मान ताठ ठेवता आली. जागतिक व्यापार संघटनेच्या नियमानुसार सरकारी धान्यखरेदीतील अनुदान मोजताना १९८६ ते ८८ च्या किमती आधारभूत धरल्या जातात. जवळजवळ चार दशकांपूर्वीच्या भावाने आजचा हमीभाव तोलायचा आणि भारतीय शेतकऱ्याला अपराधी ठरवायचे, असा हा तराजू आहे. २०१३ च्या बाली परिषदेनंतर, जुलै २०१४ मध्ये भारताने व्यापार सुलभीकरणाच्या मसुद्याला संमती देण्याचे नाकारले. पाश्चात्त्य वृत्तपत्रांनी आकांडतांडव केले. तरीही नोव्हेंबरमध्ये कायमस्वरूपी तोडगा निघेपर्यंत धान्यसाठ्याला संरक्षण राहील, असा निर्णय संघटनेला करावा लागला. १९६६ चा भारत असा नकार देऊ शकला असता काय?

४ नोव्हेंबर २०१९ रोजी बँकॉक येथे भारताने आरसेप करारात सामील न होण्याचा निर्णय जाहीर केला. स्वदेशी जागरण मंच, शेतकरी संघटना आणि दूध उत्पादक यांनी या करारास कडाडून विरोध केला होता. न्यूझीलंडची दूधभुकटी शुल्कावाचून आली असती, तर दोन-तीन जनावरांवर संसार चालविणाऱ्या कुटुंबाचे काय झाले असते, याची कल्पना कोणत्याही दूध संस्थेच्या संकलन केंद्रावर पहाटे रांगेत उभे राहिल्यास येते. निर्णय राष्ट्रहिताचा होता, यात शंका नाही. पुढे ऑस्ट्रेलिया आणि ब्रिटन यांच्याशी करार करतानाही दुग्धव्यवसाय बाहेर ठेवला गेला. करार करूनही रेषा आखता येते, हे त्यातून सिद्ध झाले.

परंतु येथे स्वदेशीच्या पक्षधरांनी एक कटू आकडा नजरेसमोर ठेवणे आवश्यक आहे. आरसेपच्या दारातून चीनला आत घेतले नाही. तरीही २०२४-२५ मध्ये चीनशी असलेली भारताची व्यापारी तूट सुमारे ९९ अब्ज डॉलरवर पोहोचली. दिवाळीच्या चिनी माळा आणि पिचकाऱ्या यांवर बहिष्काराचे फलक लावणे सोपे असते. पण तूट माळांची नाही. ती विद्युत उपकरणांच्या सुट्या भागांची, सौर पट्ट्यांची, यंत्रांची आणि औषधांच्या कच्च्या मालाची आहे. आणि या वस्तू फलकावर मावत नाहीत.

औषधांचेच पाहा. पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना उभा राहिला आणि पेनिसिलीन देशात तयार होऊ लागले. पुढे खाजगी कारखानेही या क्षेत्रात उतरले. नंतर चीनने प्रचंड क्षमतेचे कारखाने उभारून दर पाडले. स्वस्त माल घेणे प्रत्येक औषध कंपनीच्या जमाखर्चात शहाणपणाचे होते. त्या साऱ्या शहाणपणांची बेरीज अशी झाली की, देशातील किण्वनाच्या टाक्या थंडावल्या आणि जगाचे औषधालय म्हणून मिरविणारा देश प्रतिजैविकांच्या मूळ द्रव्यासाठी चीनच्या दारात उभा राहिला. गलवाननंतर सीमेवर सैनिक तैनात असतानाही ही आयात थांबविता येत नव्हती. २०२० साली केंद्र सरकारने मूळ औषधी द्रव्यांसाठी ६,९४० कोटी रुपयांची प्रोत्साहन योजना आणली आणि २०२४ मध्ये काकीनाड्याजवळ पेनिसिलीन-जीचे उत्पादन पुन्हा सुरू झाले. टाकी थंड होण्यास फार काळ लागत नाही. ती पुन्हा पेटविण्यास मात्र एक पिढी जाते.

दुर्मीळ मृदा धातूंची कथाही याच वळणाची आहे. केरळ, तमिळनाडू, ओडिशा आणि आंध्रच्या किनाऱ्यावरील वाळूत हे द्रव्य आहे. इंडियन रेअर अर्थ्स ही सरकारी कंपनी १९५० पासून आहे. तरी वाळू आपली आणि चुंबक चीनचे, हीच स्थिती राहिली. चीनने २०२५ मध्ये परवान्यांचा फास आवळला तेव्हा आपले मोटारउद्योजक हवालदिल झाले. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्राने वर्षाला ६ हजार टन चुंबके देशात तयार व्हावीत म्हणून ७,२८० कोटी रुपयांची योजना मंजूर केली. परंतु प्रारंभीची काही वर्षे देशी चुंबक चिनी चुंबकापेक्षा महाग पडणार, हे उघड आहे. ते घेणे उद्योगांवर बंधनकारक करायचे, की किमतीतील फरक राजकोषाने सोसायचा, याचा निर्णय चीन पुन्हा दर पाडण्याच्या आत व्हावयास हवा.