पीथमपूरला पोचलेले परराष्ट्र धोरण

आंतरराष्ट्रीय पेच उभा राहिला की सरकारच्या हाती मोजकीच साधने असतात: वाटाघाटी, करार करणे किंवा स्थगित ठेवणे, व्यापारी दबाव, न्यायालयीन दावा, आरोपीच्या प्रत्यार्पणाची मागणी आणि सर्वांत शेवटी लष्कर. यांतले कोणते उचलायचे हे संकटाच्या गांभीर्यावरून ठरते, असे राज्यशास्त्राची पुस्तके सांगतात. प्रत्यक्षात समोर कोण उभे आहे आणि झळ कोणाला बसली आहे, या दोन गोष्टी त्याहून जड ठरतात.

२०२५ मध्ये याचे पुरावे मिळाले. २२ एप्रिलला पहलगामचा हल्ला झाला, दुसऱ्याच दिवशी सिंधू पाणीवाटप करार स्थगित झाला आणि ७ मेच्या पहाटे ऑपरेशन सिंदूर सुरू झाले. ऑगस्टमध्ये अमेरिकेने भारतीय मालावरचे शुल्क ५० टक्क्यांवर नेले, तेव्हा मात्र दिल्लीने सबुरी धरली आणि बोलणी चालू ठेवली. दोन्ही निर्णयांवर रकानेच्या रकाने लिहिले गेले. याच काळात, ५ मेच्या संध्याकाळी, धार जिल्ह्यातील पीथमपूरच्या एका भट्टीत भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्याचा उरलेला ३०७ टन विषारी कचरा जाळायला सुरुवात झाली. ही बातमी वर्षभर जिल्ह्याच्या पानावर, प्रदूषणाच्या चौकटीत येत राहिली. ती तिची जागा नव्हती. पीथमपूरला जे जळाले तो भारताच्या परराष्ट्र धोरणातल्या एका चाळीस वर्षांच्या प्रकरणाचा शेष होता.

२ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री भोपाळमध्ये मिथाइल आयसोसायनेट वायू सुटला. कारखाना भारतीय कंपनीचा होता, पण तिचे ५०.९ टक्के भाग अमेरिकेतल्या युनियन कार्बाइडकडे होते. त्यामुळे अपघात पहिल्या दिवसापासून दोन देशांमधला प्रश्न होता. परराष्ट्र खात्याचे पहिले पाऊलही तातडीने पडले. कार्बाइडचे अध्यक्ष वॉरन अँडरसन ७ डिसेंबरला भोपाळला आले, त्यांना अटक झाली, त्याच दिवशी २५ हजार रुपयांच्या जामिनावर सुटका झाली आणि राज्य सरकारच्या विमानाने त्यांना दिल्लीला पोचवण्यात आले. तिथून ते मायदेशी गेले. सुखरूप परतीची हमी अमेरिकी दूतावासाने आधीच मागून घेतली होती, हे तेव्हाचे परराष्ट्र सचिव महाराजकृष्ण रसगोत्रा यांनी पुढे स्वतः सांगितले. हजारो माणसे मेलेल्या संकटात सरकारने वापरलेले पहिले साधन म्हणजे मुख्य आरोपीला दिलेली ही हमी.

दुसरे साधन कायद्याचे. मार्च १९८५ मध्ये संसदेने कायदा करून सगळ्या पीडितांचे एकमेव प्रतिनिधित्व केंद्र सरकारकडे घेतले आणि एप्रिलमध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयात दावा गुदरला. त्यामागचा हिशेब चुकीचा नव्हता. कंपनीची मालमत्ता तिथे होती आणि भरपाईचे तिथले मापही मोठे होते. पण त्यासाठी भारत सरकारला परक्या न्यायाधीशापुढे असे मांडावे लागले की भारतातील न्यायव्यवस्था या दाव्याला पुरी पडणार नाही. उलट बाजूने, भारतीय न्यायालये पूर्ण समर्थ आहेत असे कंपनीतर्फे प्रतिज्ञापत्र दिले नानी पालखीवाला यांनी, म्हणजे १९७७ ते १९७९ या काळात अमेरिकेत भारताचे राजदूत राहिलेल्या कायदेपंडिताने. न्यायाधीश जॉन कीनन यांनी मे १९८६ मध्ये दावा भारतात पाठवला.

भोपाळच्या जिल्हा न्यायालयात सरकारने सुमारे ३ अब्ज ३० कोटी डॉलर मागितले. फेब्रुवारी १९८९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात तडजोड झाली ४७ कोटी डॉलरवर. पीडितांना विचारलेसुद्धा नाही, कारण कायद्याने त्यांचा आवाज सरकारकडे जमा होता. तडजोडीत फौजदारी खटलेही संपवण्यात आले होते. ते १९९१ मध्ये पुन्हा जिवंत झाले. १९९२ मध्ये न्यायालयाने भारतीय कंपनीतले कार्बाइडचे भाग जप्त केले. एवढा एक पत्ता सरकारच्या हाती आला होता. १९९४ मध्ये भोपाळला रुग्णालय बांधण्यासाठी ते भाग विकायला परवानगी मिळाली आणि कार्बाइडची इथली मालमत्ता संपली. रुग्णालय हवेच होते. पण त्यासाठी जप्तीची किंमत मोजली गेली.

प्रत्यार्पणाचे साधन सर्वांत उशिरा निघाले. अँडरसन १९९२ मध्ये फरारी जाहीर झाले. भारत आणि अमेरिका यांच्यातला नवा प्रत्यार्पण करार १९९७ मध्ये होऊन १९९९ मध्ये अमलात आला. विनंती गेली २००३ मध्ये, अमेरिकेने ती २००४ मध्ये फेटाळली आणि अँडरसन सप्टेंबर २०१४ मध्ये फ्लोरिडात वारले. ज्या माणसाचा पत्ता वर्तमानपत्रांना ठाऊक होता, त्याच्यासाठी कागद पाठवायला एकोणीस वर्षे लागली.

दुसऱ्या बाजूला पाहावे. २० एप्रिल २०१० रोजी मेक्सिकोच्या आखातात बीपी या ब्रिटिश कंपनीच्या विहिरीवर स्फोट होऊन अकरा कामगार दगावले आणि समुद्रात तेल पसरले. १६ जूनला अमेरिकी अध्यक्षांनी कंपनीच्या वरिष्ठांना व्हाइट हाउसवर बोलावले आणि त्याच दिवशी २० अब्ज डॉलरचा भरपाई निधी जाहीर झाला. न्यायालयाच्या निकालाची वाट पाहिली गेली नाही. त्याच महिन्यात, ७ जूनला, भोपाळच्या न्यायालयाने कंपनीच्या सात भारतीय अधिकाऱ्यांना दोन वर्षांची शिक्षा सुनावली होती. ती ऐकून देश खवळला, ऑगस्टमध्ये संसदेने अणुदायित्व कायदा मंजूर केला आणि परदेशी पुरवठादारावरही जबाबदारी टाकण्याची सोय त्यात आली. भोपाळमधून निघालेले एवढेच एक साधन खरोखर धारदार होते. कोकणातल्या जैतापूर अणुप्रकल्पाच्या वाटाघाटी रेंगाळण्यामागे हेही एक कारण होते. २०२५ च्या फेब्रुवारीत अर्थसंकल्पात तो कायदा बदलण्याची घोषणा झाली, याची कोकणातल्या वाचकांनी तरी नोंद घ्यावी.

आता कचऱ्याकडे. कारखान्याच्या गोदामात पडलेला साडेतीनशे टनांच्या आसपासचा माल कुठे न्यायचा, हा प्रश्न दोन दशके फिरत राहिला. गुजरातमधल्या अंकलेश्वरचे नाव पुढे आले, तिथून नकार आला. नागपूरजवळच्या संरक्षण संशोधन संस्थेच्या भट्टीचे नाव आले. महाराष्ट्र सरकारने नकार दिला आणि प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेले. २०१२ मध्ये केंद्राच्या मंत्रिगटाने तो जर्मनीला पाठवायचे ठरवले. जर्मन सरकारची जीआयझी ही संस्था सुमारे २५ कोटी रुपयांत काम करणार होती. जर्मनीत लोकांनी विरोध करताच सप्टेंबरमध्ये तिने माघार घेतली. धोकादायक कचऱ्याच्या सीमापार वाहतुकीचा बाझल करार १९८९ पासून आहे, भारत त्यात आहे, अमेरिकेने सही करूनही त्याला मंजुरी दिलेली नाही. तरीही अमेरिकेला कचरा पाठवणे अशक्य नव्हते. कोडाईकॅनलच्या थर्मामीटर कारखान्यातला सुमारे २९० टन पारायुक्त कचरा २००३ मध्ये कंपनीच्या खर्चाने तिथेच रवाना झाला होता. भोपाळच्या बाबतीत कार्बाइडची मालकी २००१ मध्ये डाऊ केमिकलकडे गेली, आणि डाऊवर हा बोजा टाकला तर गुंतवणुकीला धक्का बसेल ही काळजी वॉशिंग्टनइतकीच दिल्लीतही बोलून दाखवली गेली.

शेवटी पीथमपूर उरले. डिसेंबर २०२४ मध्ये जबलपूरच्या उच्च न्यायालयाने चार आठवड्यांची मुदत दिली. भोपाळमध्ये संरक्षक पोशाख घातलेले मजूर अर्ध्या अर्ध्या तासाच्या पाळीने माल भरत होते, कारण त्याहून जास्त वेळ आत थांबणे धोक्याचे होते. १ जानेवारीच्या रात्री बारा बंद कंटेनर पोलीस, रुग्णवाहिका आणि अग्निशमन बंबांच्या ताफ्यात निघाले आणि अडीचशे किलोमीटर तोडून पहाटे पोचले. ३ तारखेला गाव बंद राहिले आणि निदर्शनांत दोघांनी अंगावर ज्वालाग्राही द्रव ओतून पेटवून घेण्याचा प्रयत्न केला. भट्टीला लागून असलेल्या तारपुऱ्याच्या लोकांना कोणत्याही टप्प्यावर निर्णयात जागा नव्हती. तीस टन आधी चाचणीत जळाले, उरलेले ताशी जास्तीत जास्त २७० किलोच्या वेगाने, आणि जूनअखेर काम संपले. चुना मिसळून जाळावे लागल्याने ३३७ टन कचऱ्याची राख आठशे टनांहून जास्त झाली. ती कुठे पुरायची हा वादही न्यायालयात गेला. केंद्राने या कामासाठी १२६ कोटी रुपये मंजूर केले होते, म्हणजे किलोमागे सुमारे ३,७०० रुपये. कंपनीकडून यात एक पैसाही आला नाही.

परकी कंपनी आणि परके राज्य यांचे नाते मराठी राज्यकर्त्यांना नवे नव्हते. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात टोपीकरांविषयी, म्हणजे युरोपीय व्यापाऱ्यांविषयी, स्पष्ट सावधगिरी आहे: हे इतर सावकारांसारखे नव्हेत, यांच्या पाठीशी यांचे राजे असतात, म्हणून यांना जागा देताना कुठे आणि किती हे पाहून द्यावी. देवासच्या पवारांनी १८१८ मध्ये आणि धारच्या पवारांनी १८१९ मध्ये जिच्याशी तह केले, तीही कंपनीच होती. पानिपतावर यशवंतराव पवार पडल्यापासून खचत गेलेल्या आणि मैनाबाईंनी शिंदे-होळकरांच्या तडाख्यातून कसेबसे वाचवलेल्या धारपुढे तेव्हा दुसरा पर्याय नव्हता. स्वतंत्र भारतापुढे १९८४ मध्ये आणि नंतरही पर्याय होते. ते प्रत्येक वेळी सौम्य बाजूने निवडले गेले, कारण ज्या देशाकडून तंत्रज्ञान आणि भांडवल हवे त्याला दुखवायचे नव्हते, आणि ज्यांना सोसावे लागणार होते त्यांचे वजन कमी होते.

 माळवा हा महाराष्ट्राचा शेजार. धार, देवास आणि इंदूरच्या मराठी घरांत मराठी नियतकालिके पिढ्यानपिढ्या जातात. नागपूरने नाकारलेला माल त्याच शेजाऱ्याच्या दारात जळाला, आणि मराठी वर्तमानपत्रांनी त्यावर वर्षभरात फारच थोडे लिहिले. नागपूरच्या लोकांनी विरोध केला यात गैर काही नव्हते. गैर होते ते त्यानंतरचे मौन.

जळाला तो फक्त गोदामातला माल. नागपूरच्याच नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने २०१० च्या सुमाराला भोपाळच्या आवारातल्या दूषित मातीचा अंदाज ११ लाख टन असा दिला होता. ती माती आणि तिच्याखालचे पाणी तसेच आहे. वाढीव भरपाईसाठी केंद्राने केलेली याचिका सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये फेटाळली, त्यामुळे तडजोडीचा दरवाजा बंद झाला. सफाईच्या खर्चाचा दावा मात्र वेगळा आहे. तो मध्य प्रदेश उच्च न्यायालयात २००४ पासूनच्या प्रकरणात पडून आहे आणि डाऊने आगाऊ १०० कोटी रुपये भरावेत असा अर्ज केंद्राच्याच रसायन खात्याने तिथे केलेला आहे. २०२५ मध्ये अमेरिकेशी व्यापाराची बोलणी चालू होती. तिथे सोयाबीन, दूध आणि रशियन तेल यांच्या शेजारी या मातीचा खर्चही मांडता येत होता. ते करायचे की नाही हे वाणिज्य आणि परराष्ट्र या दोन खात्यांनी ठरवायचे होते, धारच्या जिल्हाधिकाऱ्याने नव्हे.