गाडीचं सोवळं

बऱ्याच दिवसांत इथे काही लिहिलं नाही. गुडघ्याचं निमित्त, आणि थोडा आळसही. पण परवा भाच्याचा फोन आला आणि डोकं जे तापलं ते अजून निवलेलं नाही. रागाच्या भरात लिहिते आहे, तेव्हा चूकभूल द्यावी घ्यावी.

तर झालं असं. आमच्या दादाची गाडी. सन १९७८. कागदावर प्रीमियर पद्मिनी, पण घरात कायम 'फियाट'च. दादा गेल्यापासून भाचा ती सांभाळतो. त्याने ती जुन्या गाड्यांच्या एका प्रदर्शनात न्यायचं ठरवलं. धुतली, पुसली, दादाच्या फोटोला नमस्कार केला आणि सांगलीहून पुण्याला स्वतः चालवत नेली. तिथल्या परीक्षकांनी बॉनेट उघडलं आणि मिनिटभरात बंद केलं. इंजिन मूळचं नाही (दादाने १९९३ साली डिझेल बसवून घेतलं होतं, आरसी बुकात रीतसर नोंद आहे). गिअर स्टिअरिंगवरून काढून खाली आणलेला. आणि वर म्हणाले, "ही तर रोज वापरातली दिसते, क्लासिक कशी म्हणायची?"

शेजारी एक लांबलचक परदेशी गाडी होती. ती ट्रकवरून आली, ट्रकवरून उतरली आणि संध्याकाळी बक्षीस घेऊन परत ट्रकवर चढली. दोनशे पावलं तरी चालली असेल की नाही कोण जाणे!

यावर भाच्याचा बेत काय? "आत्या, डिझेल इंजिन काढून टाकतो. भंगारबाजारात जुनं पेट्रोल इंजिन मिळतं. गिअर वर घेतो, रंग कंपनीचा देतो. पुढच्या वर्षी बघ!" म्हणजे पंचेचाळीस वर्षांत दादाने त्या गाडीला जे जे केलं ते सगळं पुसून टाकायचं, आणि मग तिला 'अस्सल' म्हणायचं.

माझा आक्षेप इथे आहे.

'क्लासिक'ला आपण मराठीत अभिजात म्हणतो. मी वर्गात हा शब्द फोडून सांगायची. मूळ अर्थ, चांगल्या कुळात जन्मलेला. जुन्या गाड्यांच्या जगात हा अर्थ फार मनावर घेतलेला दिसतो. अमेरिकेत १९५२ साली स्थापन झालेला एक क्लब आहे, क्लासिक कार क्लब ऑफ अमेरिका. त्यांची यादीच ठरलेली असते. उंची, महागड्या, थोड्या संख्येने निघालेल्या गाड्याच त्यात. ज्या फोर्ड मॉडेल टी ने अर्धी अमेरिका चाकांवर आणली, जी दीड कोटी निघाली, तिला त्या पंगतीत पान नाही. कुळ हलकं ना!

इंग्रज या बाबतीत बरे म्हणायचे. त्यांच्याकडे १९३० सालापर्यंतची ती 'व्हिंटेज' अशी रेघ आहे, पण त्या रेघेच्या आत १९२२ ची चिमुकली ऑस्टिन सेव्हन, म्हणजे मध्यमवर्गाची गाडी, मानाने मिरवते. आपल्याकडे आयोजक आपापली रेघ ओढतात. कुणाचं क्लासिक साठ सालाशी संपतं, कुणाचं सत्तर.

कुळाच्या जोडीला सोवळंही आहे. फिवा नावाची या क्षेत्रातली जागतिक संघटना आहे, १९६६ पासूनची. त्यांच्या व्याख्येत ऐतिहासिक गाडी म्हणजे किमान तीस वर्षांची, इतिहासाला धरून जपलेली, आणि जी रोजच्या प्रवासाला वापरत नाहीत अशी. हे शेवटचं वाक्य मला कळलेलं नाही. आजीचं पितळी घंगाळ हॉटेलच्या दारात फुलं घालून ठेवलं की ते पुरातन, आणि त्यातच रोज अंघोळीचं पाणी काढलं की ते नुसतं भांडं?

३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. आपण सगळ्यांनी पेढे वाटले. त्या वेळी कुणी म्हणालं का, की आता ही भाषा मंडईत बोलायची नाही, फक्त संमेलनात दाखवायला बाहेर काढायची?

आपल्या सरकारचा नियम तर फिवाच्याही पुढे गेला. १५ जुलै २०२१ ला व्हिंटेज गाड्यांचे नियम निघाले. पन्नास वर्षांहून जुनी खाजगी गाडी, चासी, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार न केलेली, तर तिला 'व्हीए' अक्षरांचा वेगळा नंबर मिळतो. नव्या नोंदणीचे वीस हजार, फेरनोंदणीचे पाच हजार. आणि असा नंबर घेतलेली गाडी नेहमीच्या वापरासाठी रस्त्यावर आणायची नाही. प्रदर्शन, रॅली, अभ्यास, फार तर पेट्रोल भरायला आणि दुरुस्तीला. पुढच्याच महिन्यात, १३ ऑगस्टला, जुन्या गाड्या मोडीत काढण्याचं धोरण आलं. १ एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरच्या मोटारीच्या फेरनोंदणीचं शुल्क सहाशेवरून पाच हजार झालं, आणि २०२५ मध्ये वीस वर्षांपुढच्या गाड्यांना दहा हजार.

म्हणजे पंधराव्या वर्षी गाडी म्हातारी, आणि पन्नासाव्या वर्षी वारसा. मधली पस्तीस वर्षं तिने काढायची कशी? पांडवांना तेराच वर्षं होती.

ही पस्तीस वर्षं राजवाड्यातली रोल्स रॉइस सहज काढते. गॅरेज आहे, नोकर आहेत, कुणाला घाई नाही. (त्या गाड्या बघायला मलाही आवडतात. अहमदाबादजवळ कठवाड्याला प्राणलाल भोगीलाल यांचा संग्रह आहे, तो पाहून मी दिवसभर हरखले होते.) पण कारकुनाची, डॉक्टरची, शिक्षकाची गाडी ही वर्षं काढते ती वापरात राहूनच. आणि वापरात राहायचं तर बदलावंच लागतं. पेट्रोल परवडेना म्हणून डिझेल, मुंबईच्या टॅक्सींना सीएनजी, डायनामो गेला की अल्टरनेटर. दादाने इंजिन हौसेने नाही बदललं. त्या वर्षी त्याची बदली झाली, रोजचे साठ किलोमीटर पडायला लागले. ते इंजिन म्हणजे आमच्या घरच्या त्या सालच्या जमाखर्चाची नोंद आहे!

काळी-पिवळीचं काय झालं तेही आठवा. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदली गेली होती, वीस वर्षांची मुदत संपली आणि ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती रस्त्यावरून गेली. ज्या गाडीशिवाय मुंबईचा एकही जुना सिनेमा पुरा होत नाही, ती व्हिंटेजच्या नियमात बसूच शकत नाही, कारण नियम खाजगी वापराच्या गाड्यांचा. मीटर लावून पोट भरलं हा तिचा दोष.

परदेशाचे दाखले देणाऱ्यांसाठी परदेशाचाच दाखला देते. जर्मनीत तीस वर्षांच्या जपलेल्या गाडीला 'एच' अक्षराची पाटी मिळते आणि ती पाटी लावून रोज कामावर गेलात तरी चालतं. पूर्व जर्मनीतल्या ट्राबांटलासुद्धा ती मिळते. तिच्याइतकी चेष्टा दुसऱ्या कुठल्या गाडीची झाली नसेल. आणि खुद्द फिवाची एक तुरीन सनद आहे, २०१२ मध्ये मंजूर झालेली. तिच्यात म्हटलंय की गाडीच्या नित्याच्या आयुष्यात झालेले बदल हे तिच्या इतिहासाचे साक्षीदार आहेत, ते जपावेत. पुण्याच्या परीक्षकांनी ती वाचली असती तर बॉनेट मिनिटभर जास्त उघडं राहिलं असतं.

धूर, प्रदूषण वगैरे म्हणाल, तर ते मला मान्य आहे. धूर तपासा, नापास झाली तर उभी करा. पण ती परीक्षा धुराची असू दे, वयाची नको. प्रत्येक जुना डबा क्लासिक असंही मी म्हणत नाही. दारात गंजत पडलेली गाडी नुसती पडून राहिली म्हणून थोर होत नाही. पण जी राबली, जिची दुरुस्तीची बिलं आहेत, जिचा मिस्त्री अजून तिला आवाजावरून ओळखतो, तिच्यासाठी प्रदर्शनात एक वेगळा वर्ग का नसावा? परीक्षकांनी रंगाच्या डब्याचा नंबर विचारण्याऐवजी ती बिलं वाचावीत.

भाच्या, हे तू वाचशीलच. इंजिनाला हात लावू नकोस. गाडी तुझी आहे, मान्य, पण १९७९ साली पहाटे तीन वाजता मला दवाखान्यात नेणारी तीच होती. स्टार्टर लागेना तेव्हा दादाने पायजम्यावर उतरून हँडल मारलं होतं. माझाही थोडा हक्क लागतो.

आणि नातेवाइकांनो, कुणाकडे दादाच्या गाडीचे जुने फोटो असतील तर कृपया मला पाठवा. १९९३ च्या आधीचेही, नंतरचेही. वहिनींच्या ट्रंकेत गॅरेजच्या पावत्यांची एक पिशवी होती, ती कुणी टाकली तर नाही ना?