बॅकअप स्लो आहे म्हणून नवी डिस्क घेताय? जरा थांबा!

शनिवार सकाळ, दुसरा चहा झालाय, तेव्हा आज जरा तांत्रिक बडबड. (कंटाळा आला तर सरळ शेवटच्या दोन परिच्छेदांवर उडी मारा, मी रागावणार नाही.)

आपण आयटीत आहोत म्हटल्यावर ओळखीपाळखीतले लोक एक प्रश्न हमखास विचारतात. "अरे, एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर बॅकअप घ्यायला फार वेळ लागतो, नवी कुठली घेऊ?" माझं मत म्हणाल तर, बहुतेक वेळा नवी डिस्क घेऊन काडीचाही फरक पडत नाही. आणि प्रश्न नुसता पैशाचा नाही हो. ज्या बॅकअपला अख्खी रात्र लागते तो माणूस वर्षातून एकदा घेतो, आणि डिस्क नेमकी अकराव्या महिन्यात बसते. मग मुलाच्या बारशाचे फोटो गेले की गेले.

माझ्या मामाचा फोटो स्टुडिओ आहे. लग्नाचा सीझन संपला की ५०० जीबीचा ढीग साठतो. त्याचा फोन आला, "बाळा, डिस्क बिघडलीय, चार तास झाले तरी चालूच." म्हटलं, "मामा, केबल कुठली लावलीस?" तर मोबाईलच्या चार्जरची! टाईप-सी दिसली की सगळ्या सारख्याच, असं त्याला वाटलं, आणि त्यात त्याची काय चूक? चार्जरबरोबर येणाऱ्या बऱ्याच केबल आतून यूएसबी २.० च्याच असतात. यूएसबी २.० हे २००० सालचं प्रकरण. कागदावर ४८० मेगाबिट, म्हणजे सेकंदाला ६० एमबी, पण हातात पडतात ३०-४०. त्या हिशेबाने ५०० जीबीला चार तास लागणारच. डिस्कबरोबर आलेली केबल लावून, यूएसबी ३ च्या पोर्टात (बऱ्याच मशीनवर तो आतून निळा असतो) खुपसली की साधी फिरणारी डिस्कसुद्धा शंभर-सव्वाशेने लिहिते. तेच काम सव्वा तासात. महागडी एसएसडी घेतलीत आणि केबल तीच ठेवलीत तर तीही ३०-४० वरच रांगणार!

तेव्हा आधी एक चाचणी करा. चार-पाच जीबीची एकच मोठी फाईल, एखादा सिनेमा वगैरे, कॉपी करून बघा. वेग ३०-४० वर अडकला तर केबल नाहीतर पोर्ट. मोठी फाईल भराभर गेली आणि बाकीचा फोल्डर मात्र रडतोय, तर दोष बारीक फायलींचा.

हे बारीक फायलींचं दुखणं आम्हा प्रोग्रॅमर लोकांचं खास. मिनिटाला ५४०० फेऱ्या मारणारी डिस्क घ्या. हेड योग्य जागी जाणं आणि खालून ती जागा फिरून येणं, यात सरासरी १७-१८ मिलिसेकंद जातात. म्हणजे सेकंदाला साधारण ५५ उड्या. ४ केबीच्या एक लाख फायली म्हणजे जेमतेम ४०० एमबी, पण फाईलमागे एकच उडी धरली तरी अर्धा तास! त्याच फायली एका टार किंवा झिपमध्ये बांधल्या तर लिहायला चार सेकंद. मात्र रोज बदलणारा फोल्डर असा बांधू नका, एक ओळ बदलली की अख्खं गाठोडं पुन्हा न्यावं लागतं. बंद झालेले प्रोजेक्ट बांधा. आणि नोड मॉड्यूल्ससारखा, पुन्हा उतरवता येणारा कचरा तर घेऊच नका.

विंडोजवाल्यांसाठी आणखी एक. २०१८ च्या शेवटी आलेल्या विंडोज १० च्या १८०९ आवृत्तीपासून बाहेरच्या डिस्कला 'क्विक रिमूव्हल' आपोआप लागू असतं, म्हणजे राईट कॅशिंग बंद. डिव्हाइस मॅनेजरमध्ये डिस्कच्या पॉलिसीजमधून 'बेटर परफॉर्मन्स' निवडता येतं. पण मग 'सेफली रिमूव्ह' केल्याशिवाय वायर उपटायची नाही. घरात लहान मुलं असतील तर आहे तेच बरं.

कधी कधी दोष खरंच डिस्कचा असतो. स्वस्त आणि मोठ्या पोर्टेबल डिस्कमध्ये बऱ्याचदा एसएमआर असतं, म्हणजे कौलांसारखे एकावर एक चढवलेले ट्रॅक. मधलं एक कौल बदलायचं तर शेजारची उचलावी लागतात, तसंच. सुरुवातीला छान पळते, कॅश भरली की बैलगाडी. २०२० मध्ये तर काही नामवंत कंपन्यांनी अशा डिस्क तसं न सांगता विकल्याचं उघड झालं. म्हणजे नवी आणलीत तरी तीही तसलीच निघू शकते. तिला थोडं थोडं लिहायला द्या, मधे विसावा द्या, निमूट चालते.

आणि थोडं थोडं लिहिणं हाच माझ्या मते खरा इलाज आहे. लोक दर वेळी अख्खा फोल्डर ओढून टाकतात आणि वेग मोजत बसतात. पहिला बॅकअप रात्रभर चालू दे की! दुसरा दहा मिनिटांत व्हायला हवा. विंडोजमध्ये रोबोकॉपी फुकट बसलेली आहे, लिनक्स-मॅकवाल्यांना आरसिंक. दोन्ही फाईलचा आकार आणि वेळ बघून, न बदललेल्या फायली सोडून देतात. मामाला मी रोबोकॉपीची एक बॅच फाईल करून दिली, डबल क्लिक केलं की काम सुरू. आता तो दर सोमवारी दुकान उघडतानाच उरकतो.

फक्त रोबोकॉपीतला 'मिरर' पर्याय त्याला दिलेला नाही. त्यात मूळ फोल्डरमधून चुकून उडवलेली फाईल पुढच्या वेळी बॅकअपमधूनही उडते. त्यापायी जुना पसारा डिस्कवर तसाच राहतो, जागा जास्त खातो. खाऊ दे.