शिक्षा संपली, खोली मिळेना

बेळगावातून कारखाना हलवावा लागलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांना औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी कुंडल रोड स्थानकाजवळचा माळ दिला. 1910 मध्ये तिथे किर्लोस्करवाडी वसली आणि तिच्या रात्रीच्या पहाऱ्यावर लक्ष्मणरावांनी शिक्षा भोगून आलेली माणसे नेमली. ज्यांच्या भीतीने लोक दाराला कडी घालत, त्यांच्याच हाती राखण! पुढे 1939 मध्ये औंध संस्थानानेच आटपाडीजवळ स्वतंत्रपूर उभारले. तिथल्या खुल्या तुरुंगात कैदी बायकामुलांसह राहून शेती करू लागले.

किर्लोस्करवाडीच्या त्याच पलूस तालुक्यात आज सुटून आलेल्याला एखादे वेळी काम मिळते, खोली मिळत नाही. डिपॉझिट द्यायची तयारी असते. पण ‘त्याच्यावर केस आहे’ एवढे कानावर आले की ‘घरात विचारून सांगतो’ म्हणणारा मालक पुन्हा फोन उचलत नाही. पत्ता नसेल तर ना बँकेचे खाते धड चालते, ना मुलांची शाळा.

भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात द्यायलाच हवी. मात्र दाखल गुन्हा वेगळा, सिद्ध झालेला वेगळा. भावकीच्या बांधावरच्या भांडणात अख्ख्या घराची नावे फिर्यादीत घातली जातात, हे आपल्या भागात कोणाला सांगायला नको. गुन्हेगार जमाती कायदा 1952 मध्ये रद्द झाला, तरी विमुक्त जमातींतल्या माणसाला नुसत्या आडनावावरून नकार मिळतो. हा तर सरळ अन्याय आहे.

मालकाची काळजी खोटी नाही. घरात लेकीबाळी असताना लैंगिक गुन्ह्यात शिक्षा झालेल्याला शेजारची खोली देण्याची सक्ती कोणी करू नये. पण दहा वर्षांपूर्वीच्या मारामारीला तोच न्याय कसा लावायचा? अमेरिकेत शिकागोच्या कुक काउंटीने 2019 मध्ये नियम केला: आधी भाडे परवडते का ते बघा, मग गुन्ह्याचे विचारा, आणि सर्वसाधारणपणे तीन वर्षांपलीकडची शिक्षा उकरू नका. आपल्याकडे मालकावर असे बंधन नाही. ते येईपर्यंत जिल्हा परिवीक्षा अधिकाऱ्यांनी सुटलेल्या माणसाच्या वर्तनाचे पत्र द्यावे आणि घरमालकांनी ते वाचावे. गुन्हा कोणता, कधीचा, त्यानंतर माणूस कसा वागला, एवढे त्याला समोर बसवून विचारा. नकार द्यायचाच असेल तर त्यानंतर द्या.