भाडें आणि पावती

जुन्या वाड्यांतून मालक व बिऱ्हाडकरू यांचे संबंध पुष्कळदां दोन-दोन पिढ्यांचे असतात. भाडें हातोहात दिलें जातें. पावती मागावी तर संकोच वाटतो. पुढें व्यवहार मुलांच्या हातीं गेला, म्हणजे किती महिन्यांचें भाडें पोहोंचलें यावरूनच तंटा उभा राहतो.

वास्तविक महाराष्ट्राच्या १९९९ च्या भाडे-नियंत्रण कायद्यानें, रक्कम मिळतांच लेखी पावती देणें मालकावर बंधनकारक केलें आहे. थकबाकीसाठीं जागेचा दावा लावण्यापूर्वीं मालकानें लेखी मागणी करून ९० दिवस थांबलें पाहिजे. १९४७ च्या मुंबई कायद्यांत ही मुदत एकच महिन्याची होती. समन्स लागू झाल्यापासून ९० दिवसांच्या आंत भाडेकरूनें सर्व बाकी दरसाल दरशेंकडा १५ प्रमाणें सरळ व्याजासह कोर्टांत भरली, दाव्याचा खर्च दिला आणि पुढील भाडेंहि नियमित भरलें, तर थकबाकीच्या कारणावरून त्याची जागा जात नाहीं.

तथापि गोष्ट कोर्टापर्यंत जाऊं न देणें हेंच उभयतांच्या हिताचें. पहिल्या ९० दिवसांतच दोन्ही घरच्या वडीलधाऱ्यांनीं एकत्र बसून हिशेब ताडून पाहावा, ठरेल तें लिहून सह्या कराव्या, आणि पुढील भाडें बँकेमार्फत द्यावें, असें आम्ही सुचवितों. पावती मागितल्यानें स्नेहास बाध येतो, असें आमच्या वाचकांनीं मानूं नये.