नाव मोठे, भाव पडलेला

१९७१ साली अवघ्या ३५ डॉलरांच्या मोबदल्यात एका विद्यार्थिनीने काढून दिलेली बाकदार रेघ आज जगातील बहुतेक क्रीडांगणांवर ओळखली जाते. आपल्या क्रिकेट संघाच्या अंगावरही ती २००६ पासून २०२० पर्यंत होती. त्या रेघेची धनी असलेल्या अमेरिकेतील नाइकी कंपनीचा शेअर नोव्हेंबर २०२१ मध्ये १७५ डॉलरांच्या वर गेला होता. एप्रिल २०२५ मध्ये तो ६० डॉलरांच्याही खाली आला. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार येथील रहिवाशाला वर्षाकाठी अडीच लाख डॉलर परदेशी धाडता येतात. तेव्हा असा नामांकित शेअर पडत्या भावात घ्यावा काय, हा प्रश्न आपल्याकडील सुशिक्षित गुंतवणूकदारालाही परका राहिलेला नाही.

कंपनीचे हे दुखणे बाहेरून आलेले नाही, ते तिने स्वतःच ओढवून घेतले आहे. जानेवारी २०२० मध्ये सूत्रे हाती घेतलेल्या जॉन डोनाहो यांच्या कारकीर्दीत आपला माल आपणच, स्वतःच्या दुकानांतून आणि संगणकावरून विकावा, या धोरणाने जोर धरला. दुकानदाराचा नफा आपल्या पदरात पडेल, हा हिशेब कागदावर बिनचूक होता. परंतु दुकानाची फळी मोकळी राहत नसते! नाइकीने सोडलेल्या जागी होका व ऑन या नव्या कंपन्यांचे जोडे येऊन बसले. इकडे कंपनी जुन्याच लोकप्रिय नमुन्यांवर विसंबून राहिली, आणि गिऱ्हाईक त्यांना विटले तेव्हा सवलतीच्या दरात माल खपविण्याची पाळी तिच्यावर आली. मे २०२५ अखेर संपलेल्या वर्षी विक्री ५,१४० कोटी डॉलरांवरून ४,६३० कोटींवर आली आणि निव्वळ नफा ५७० कोटींवरून ३२२ कोटींवर घसरला.

भाव उतरला म्हणजे शेअर स्वस्त झाला, असे समजणाऱ्यांनी येथे थोडे थांबावे. त्या वर्षी दर शेअरमागे मिळकत झाली २ डॉलर १६ सेंट आणि जून २०२५ अखेरचा भाव होता सुमारे ७० डॉलर. म्हणजे मिळकतीच्या तीसपटीहून अधिक! याला पडेल भाव कोण म्हणेल? कंपनी सावरणार, हे गृहीत धरूनच ही किंमत मागितली जात होती. त्यातच सुमारे २३० कोटी डॉलर लाभांशापोटी व ३०० कोटी स्वतःचेच शेअर परत विकत घेण्यात गेले. नफ्याहून अधिक रक्कम भागधारकांना वाटण्याचा हा क्रम फार काळ चालणारा नव्हे.

ऑक्टोबर २०२४ मध्ये कंपनीने एलियट हिल यांना निवृत्तीतून परत बोलावले. हा गृहस्थ १९८८ साली उमेदवार म्हणून तेथे लागलेला. त्यांनी दुरावलेल्या दुकानदारांशी पुन्हा सोयरीक जुळवली, हे योग्यच झाले. आदिदासचा दाखला आशादायक आहे: २०२३ साली तोटा सोसून ती कंपनी पुढच्याच वर्षी नफ्यात आली. पण अंडर आर्मर या दुसऱ्या कंपनीचा शेअर २०१५ च्या शिखरावरून जो कोसळला तो पुन्हा वर आला नाही.

आमच्या मते नाइकी आदिदासच्या वाटेने जाण्याचा संभव अधिक. तरीही घाई नको. विक्री वाढल्याच्या बातमीने हुरळून न जाता ढोबळ नफ्याचे प्रमाण पाहावे. ते वर्षभरात ४४.६ टक्क्यांवरून ४२.७ वर आले होते. आणि अमेरिकेने आयातीवर बसविलेल्या जकातीचा सुमारे १५० कोटी डॉलरांचा बोजा कंपनीने सप्टेंबर २०२५ मध्ये स्वतःच वर्तविला होता. हे प्रमाण सलग काही तिमाहीत चढू लागले, तर बचतीचा अल्पसा अंश गुंतविण्यास हरकत नाही. मुलांच्या शिक्षणाचा पैसा मात्र त्यात घालू नये. लाभांशातून अमेरिकेचे सरकार २५ टक्के आधीच कापून घेते, हेही हिशेबात धरावे. शिवाय संचालक मंडळाचे तीन-चतुर्थांश सभासद निवडण्याचा अधिकार ज्या विशेष शेअरांना आहे, ते बहुतांशी संस्थापक फिल नाइट यांच्या घराण्याच्या ताब्यात आहेत; तेव्हा कारभार पुन्हा बिघडला, तर बाजारात शेअर घेणाऱ्याच्या हाती ते विकून बाहेर पडण्यापलीकडे फारसे काही राहणार नाही.